राज्याची शीव कशी सरकते: गावांच्या यादीपासून राजपत्रापर्यंत

१९५६च्या राज्य पुनर्रचना कायद्यात म्हैसूर राज्याकडे (आजच्या कर्नाटकाकडे) कोणता मुलूख जाणार ते सांगताना पाच शब्द येतात: चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा. त्या पाच शब्दांनी चंदगड मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्यात गेला. बेळगाव, खानापूर, निपाणी पलीकडे गेले. चंदगडचा माणूस आजही मोठ्या दवाखान्याला आणि बाजाराला बेळगावच गाठतो. आमच्या भाऊबंदांची घरं दोन्ही बाजूंना आहेत. अलीकडच्या जमिनीचा सातबारा मराठीत निघतो, पलीकडच्या जमिनीचा उतारा कन्नडमध्ये. तो वाचून घ्यायला आमचा चुलता दर वेळी कुणाचं तरी दार ठोठावतो.

१ नोव्हेंबरला सीमाभागात काळा दिवस होतो, १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन होतं, भाषणं होतात. सभा सुटली की एखादा पोरगा विचारतोच, "काका, पण कायद्यानं हे होतं कसं? सुरुवात कुठून करायची?" त्याला एका बैठकीत सांगता येईल असं हे लिहून काढलं आहे. उदाहरणं सीमाभागाची जास्त येतील, कारण ती मला जवळची. पण वेगळं राज्य मागणाऱ्यालाही रस्ता हाच आहे.

आधी मागणी नेमकी काय ते ठरवा

सीमा बदलणं वेगळं आणि सीमा आखणं वेगळं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यातली १४ गावं बघा. तिथल्या लोकांकडे महाराष्ट्राचंही रेशनकार्ड आहे आणि तेलंगणाचंही, मतदार यादीत नाव दोन्हीकडे. असा प्रश्न बहुतेक वेळा कागदावरची रेघ जमिनीवर नीट न उतरल्याचा असतो. त्याला मोजणी, जुने नकाशे आणि दोन्ही सरकारांची कबुली लागते. कागदावरची रेघच हलवायची असेल, तर मात्र संसदेचा कायदा लागतो. गंगा आणि घाघरा पात्र बदलत राहायच्या आणि उत्तर प्रदेश-बिहारची सीमा त्यांच्याबरोबर हलायची. ती पक्की करायला १९६८मध्ये कायदा झाला. यमुनेमुळे हरियाणा-उत्तर प्रदेशासाठी १९७९मध्ये तसाच कायदा करावा लागला.

रेघ हलवायची हे ठरलं की घटनेचं कलम ३ उघडा. संसद कायदा करून पाच गोष्टी करू शकते: नवं राज्य घडवणं, राज्याचं क्षेत्र वाढवणं, क्षेत्र कमी करणं, सीमा बदलणं आणि नाव बदलणं. "आम्हाला न्याय द्या" हे मनातलं झालं. निवेदनात "अमुक तालुक्यातली सोबतच्या यादीतली गावं अमुक राज्यातून कमी करून अमुक राज्यात समाविष्ट करावीत" असं लिहिलेलं हवं. दिल्लीत फाईल हलते ती या दुसऱ्या वाक्यावर.

घटनादुरुस्ती लागते का?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. सीमा बदलली की घटनेची पहिली अनुसूची बदलते, कारण कोणत्या राज्यात कोणता मुलूख ते तिथे लिहिलेलं आहे. राज्यसभेच्या जागा बदलल्या तर चौथी अनुसूचीही बदलते. म्हणजे घटनेचा मजकूर बदलतो हे खरं. पण कलम ४ स्पष्ट सांगतं की कलम ३ खालचा असा कायदा कलम ३६८च्या अर्थानं घटनादुरुस्ती धरायचा नाही. दोन तृतीयांश बहुमत नको, निम्म्या राज्यांची संमतीही नको. दोन्ही सभागृहांत हजर राहून मत देणाऱ्यांचं साधं बहुमत पुरतं.

मग १९५६ची सातवी घटनादुरुस्ती कशासाठी होती? तेव्हा अ, ब, क, ड असे राज्यांचे वर्गच काढून टाकायचे होते. ते काम कलम ३ मध्ये बसणारं नव्हतं. म्हणून पुनर्रचनेचा कायदा आणि घटनादुरुस्ती अशी जोडगोळी १ नोव्हेंबर १९५६ला एकदम लागू झाली. एखाद्या राज्याला घटनेत खास तरतूद द्यायची असली तरी दुरुस्ती लागते. १९८७मध्ये गोवा राज्य झालं तेव्हा ५६वी घटनादुरुस्ती त्यासाठीच झाली.

भारताचा मुलूख दुसऱ्या देशाला द्यायचा असेल तर घटनादुरुस्तीला पर्याय नाही. बेरुबारी प्रकरणात १९६०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे सांगितलं आणि त्याच वर्षी नववी दुरुस्ती आली. बांगलादेशबरोबर छिटमहालांची (एका देशाच्या पोटात अडकलेल्या दुसऱ्या देशाच्या तुकड्यांची) अदलाबदल झाली, १११ तिकडे आणि ५१ इकडे, ती २०१५च्या शंभराव्या दुरुस्तीनं. दोन राज्यांमधल्या भांडणात हा मुद्दा कुणी काढला तर त्याला कलम ४ दाखवा.

शेजारी पाकिस्तानात नेमकं उलटं आहे. तिथल्या घटनेच्या कलम २३९ प्रमाणे प्रांताची हद्द बदलणारी दुरुस्ती त्या प्रांताच्या विधानसभेनं दोन तृतीयांश मतांनी मंजूर केल्याशिवाय राष्ट्राध्यक्षांकडे सहीला जात नाही. २०१८मध्ये कबायली भाग खैबर पख्तुनख्वात घेताना संसदेनंतर पेशावरच्या विधानसभेतही तेवढी मतं मिळवावी लागली. आपल्या घटनाकारांनी राज्याला असा नकाराधिकार दिला नाही. मला तो निर्णय योग्य वाटतो. कारण सीमेवरचं गाव ज्या राज्यात अडकलं आहे त्याच राज्याच्या मर्जीवर त्याची सुटका ठेवली, तर ती कधीच होणार नाही.

गावांची यादी: खरं काम इथे आहे

यादी नसेल तर विधेयक होत नाही. १९६०चा मुंबई पुनर्रचना कायदा उघडून बघा. डांग जिल्हा गुजरातकडे गेला हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातली आणि तेव्हाच्या पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा, तळोदा या तालुक्यांतली गावं नावानिशी दिली आहेत. तालुका फुटला तो गावागावानं. त्या यादीत नाव असलेलं गाव १ मे १९६०ला गुजरातेत उठलं, नाव नसलेलं शेजारचं गाव महाराष्ट्रात.

गाव हा घटक धरायची पद्धत रुजवली ती हरी विनायक पाटसकरांनी. आंध्र आणि मद्रास यांच्यातल्या वादात त्यांनी गावागणिक भाषा पाहिली, सलगता पाहिली आणि निवाडा दिला. त्यावर १९५९चा सीमाबदलाचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९६०ला दोन्ही राज्यांत गावांची देवघेव झाली. त्याआधी राज्यांची पुनर्रचना सुचवणाऱ्या फाजल अली आयोगानं मुख्यतः जिल्हा हा घटक धरला होता आणि बेळगावचं दुखणं तिथूनच सुरू झालं. महाराष्ट्राची मागणी आजही याच चार खांबांवर उभी आहे: गाव हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकांची इच्छा. या मागणीत ८६५ गावं-शहरं येतात.

आता यादी कशी करायची ते सांगतो.

घटक धरा तो महसुली गाव. वाडी, वस्ती, तांडा यांना स्वतंत्र नोंद नसते. त्या कुठल्या महसुली गावात मोडतात ते शोधून त्या गावाखाली लिहा. प्रत्येक गावापुढे जनगणनेचा गावक्रमांक, तालुका आणि जिल्हा हवा. आम्ही पहिल्यांदा यादी करायला बसलो तेव्हा एकाच गावाची तीन नावं निघाली: लोक म्हणतात ते, जनगणनेत छापलेलं आणि कन्नड दप्तरातलं. दोन पोरांनी तेच गाव दोनदा मोजलं होतं आणि शेजारचं एक गाव सुटलंच होतं. त्या रात्री आम्ही यादी फाडली आणि गावक्रमांकावरून नव्यानं मांडली. नाव बदलतं, क्रमांकानं घोळ मिटतो.

मग भाषा. जनगणनेचे अलीकडचे मातृभाषेचे तक्ते तालुक्यापर्यंत उतरतात. गावासाठी दुसरे पुरावे जोडावे लागतात: मराठी शाळेची वर्षवार पटसंख्या, ग्रामपंचायतीची जुनी इतिवृत्तं, १९५६पूर्वीचे जमिनीचे उतारे, देवस्थानाच्या आणि सोसायटीच्या चोपड्या. यांतलं जुनं सगळं आधी स्कॅन करून घ्या. वाळवीला मुदतवाढ माहीत नसते.

सलगता ही नकाशावर बघायची गोष्ट. भूमी अभिलेख खात्याचे गावनकाशे शेजारी शेजारी लावा आणि शिवेला शीव लागते का ते पाहा. मधे एक गाव दुसऱ्या बाजूचं आलं की पलीकडची चार गावं बेटासारखी तुटतात. कितीही भाषिक बहुमत असलं तरी बेट वाचवणं अवघड जातं.

आणि जे गाव आपलं नाही ते यादीत घालू नका. मी हे अगदी हात जोडून सांगतो. निकष लावला की तो दोन्हीकडे लागतो. न्यायमूर्ती मेहरचंद महाजनांच्या आयोगानं १९६७मध्ये निपाणी, खानापूर, नंदगड धरून २६४ गावं महाराष्ट्राला सुचवली, पण २४७ गावं म्हैसूरला सुचवली. त्यांत अक्कलकोट होतं, आणि बेळगाव शहर तिकडेच ठेवलं. महाराष्ट्रानं तो अहवाल नाकारला. २०२२मध्ये कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी जत तालुक्यातल्या ४० गावांवर दावा सांगितला. त्यामागे भाषेइतकंच पाणी होतं. आपल्याच सरकारनं पाणी दिलं नाही म्हणून तिथल्या लोकांनी कधीकाळी तसा ठराव केला होता. फुगवलेल्या यादीतलं एक खोटं गाव सापडलं की पुढचा माणूस बाकीच्या शंभर खऱ्या गावांवर बोट ठेवतो.

लोकांची इच्छा नोंदवायला ग्रामसभेचा ठराव हाताशी आहे. घटनेला सार्वमताची गरज नाही. तरीही १९६७च्या १६ जानेवारीला गोव्यात जनमत कौल झाला, कारण संसदेनं त्यासाठी वेगळा कायदा केला. १,७२,१९१ मतं केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळं राहण्याच्या बाजूनं, १,३८,१७० महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूनं. गोमंतकीयांनी नाही म्हटलं आणि तो प्रश्न तिथे मिटला. इच्छा मोजली की ती मान्य करावी लागते, हे आपल्या बाजूच्या लोकांनीही मनाशी ठेवावं.

दार कुठलं ठोठवायचं

दोन राज्यांचा समझोता झाला तर सगळ्यात लवकर काम होतं. आसाम आणि मेघालय यांनी मार्च २०२२मध्ये १२ वादग्रस्त भागांपैकी ६ भागांवर करार केला. सगळं एकदम सुटेपर्यंत थांबले नाहीत, हे त्यातलं शहाणपण. विभागीय परिषदांना सीमावादावर चर्चा करून शिफारस करता येते. पण महाराष्ट्र पश्चिम परिषदेत आणि कर्नाटक दक्षिण परिषदेत, त्यामुळे आपल्या प्रश्नाला ती वाट आडवळणाची पडते.

आयोग नेमता येतो, मात्र त्याचा अहवाल संसदेवर बंधनकारक नसतो. फाजल अली आयोगानं १९५५मध्ये स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती आणि संसदेनं ती घेतली नाही.

तिसरं दार सर्वोच्च न्यायालयाचं. दोन राज्यांमधला वाद कलम १३१ खाली थेट तिथेच जातो. महाराष्ट्रानं २००४मध्ये तिथे दावा लावला. सीमा ठरवणं हे संसदेचं काम आहे, न्यायालयाचं नाही, असं कर्नाटकाचं म्हणणं. तारखा पडत राहिल्या. न्यायालय कायदा तपासू शकतं. गाव इकडून तिकडे करण्याचा कायदा शेवटी संसदेलाच करावा लागतो. म्हणून दावा चालू असतानाही खासदारांकडे जाणं थांबवू नका.

विधेयक येतं तेव्हा

असं विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय कुठल्याच सभागृहात मांडता येत नाही. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतात, म्हणजे कळीची जागा केंद्रीय मंत्रिमंडळ आणि त्याच्या आधी गृहखातं. एखाद्या खासदाराच्या खासगी विधेयकाच्या घोषणा होतात, त्यांनाही हाच नियम आडवा येतो.

ज्या राज्यांचं क्षेत्र, सीमा किंवा नाव बदलणार, त्यांच्या विधिमंडळाकडे राष्ट्रपती विधेयक मत मागायला पाठवतात आणि मुदत देतात. मुदतीची तरतूद १९५५च्या पाचव्या दुरुस्तीनं आली. त्याआधी राज्य नुसतं गप्प बसून विधेयक अडकवू शकत होतं. आता मुदत संपली की संसद पुढे जाते. केंद्रशासित प्रदेशाला विचारावं लागत नाही.

हे प्रत्यक्षात कसं झालं ते तेलंगणात दिसतं. डिसेंबर २०१३मध्ये विधेयक आंध्र प्रदेश विधिमंडळाकडे गेलं, २३ जानेवारीपर्यंत मुदत होती, ती आठवडाभर वाढली. ३० जानेवारी २०१४ला विधानसभेनं आवाजी मतदानानं विधेयक फेटाळलं. १८ फेब्रुवारीला लोकसभेनं ते मंजूर केलं, २० फेब्रुवारीला राज्यसभेनं. २ जूनला तेलंगण राज्य अस्तित्वात आलं. राज्याचा विरोध नोंदला गेला, त्यानं कायदा अडला नाही.

मत मागवल्यावर संसदेनं विधेयक बदललं तर पुन्हा विचारावं लागतं का? याचं उत्तर आपल्याच मुंबईनं मिळवून दिलं. १९५६च्या मूळ विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई शहर असे तीन वेगळे घटक होते. संसदेनं त्यांचं एक द्विभाषिक राज्य केलं. बाबुलाल पराते यांनी त्याला आव्हान दिलं. १९५९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की दुरुस्ती झाली म्हणून राज्याकडे पुन्हा जायची गरज नाही. याचा अर्थ तुमच्या कामाला फार मोठा आहे: विधेयक समितीपुढे किंवा सभागृहात असेपर्यंत यादीत गाव घालता येतं आणि काढताही येतं. त्या दिवसांत तुमची माणसं यादी घेऊन दिल्लीत हजर हवीत.

आणि विधानसभांचे ठराव? डिसेंबर २०२२मध्ये पाच दिवसांच्या अंतरानं आधी कर्नाटक आणि मग महाराष्ट्र, दोघांनीही एकमतानं ठराव केले. त्यानं रेघ तसूभर हलली नाही, कारण कलम ३ मध्ये अशा ठरावाला जागाच नाही. ठरावानं सीमेवरच्या माणसाला कुणीतरी आठवण ठेवतंय एवढं कळतं. ते मोलाचं आहे. पण आपली सगळी ताकद ठरावापाशी संपते आणि याद्या कपाटात राहतात, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

विधेयकात काय काय लिहिलेलं हवं

मसुदा हाती आला की गावांची यादी आधी वाचा आणि मग लगेच शेवटाकडे जा. लोकसभा आणि विधानसभेचे मतदारसंघ कुठे जातात? उच्च न्यायालय कुठलं? चालू खटल्यांचं काय? कर्ज आणि मालमत्ता कशी वाटायची? आंध्र-तेलंगणात लोकसंख्येच्या प्रमाणात ५८.३२ आणि ४१.६८ असा भाग ठरला, तरी संस्थांच्या वाटपावर दहा वर्षांनंतरही भांडणं चालू होती. आकडा लिहून भागत नाही, प्रत्येक संस्थेचं नाव लागतं.

जुने कायदे हस्तांतरित मुलखात काही काळ तसेच चालू राहतात, अशी तरतूद या कायद्यांत असते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी शेतकऱ्याचा कूळकायदा हवेत विरत नाही. पण नोकरदारांची वाटणी, शिक्षकांची ज्येष्ठता, धरणाचं पाणी, वनहक्काचे दावे आणि पोरांच्या जातीच्या दाखल्यांची मान्यता हे मसुद्यात शोधा. जात अनुसूचित आहे की नाही हे राज्यागणिक ठरतं. गाव हललं आणि तिकडच्या यादीत ती जात नसली, तर पोराची सवलत जाते. याकडे कुणाचं लक्ष नसतं आणि भोगतात ते गरीब.

नियत दिवसानंतर

राजपत्रात कायदा लागू होण्याची तारीख, म्हणजे नियत दिवस, जाहीर झाली की महसुली दप्तराचं हस्तांतर सुरू होतं, आणि सर्वेक्षण करून सीमेचे खांब रोवतात. खांब रोवताना गावातली म्हातारी माणसं सोबत ठेवा. ओढा कुठून वाहायचा आणि शिवेचा दगड कुठे होता ते त्यांना ठाऊक असतं. स्वतःपुरतं सांगायचं तर त्या तारखेच्या आधीच जमिनीचा उतारा, फेरफार, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला यांच्या प्रमाणित प्रती काढून घ्या. दप्तर एकदा ट्रकमध्ये चढलं की कागद शोधायला वर्षं लागतात.

तोपर्यंत

रेघ हलायची तेव्हा हलेल. दरम्यान पोरांना शाळेत घालायचं आहे. कलम ३५०क प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करणं राज्याचं काम आहे. कलम ३५०ख खाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी असतो, त्याचा अहवाल संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे जातो. जिल्ह्यात किंवा तालुक्यात १५ टक्के लोक एखादी भाषा बोलत असतील तर महत्त्वाचे नियम, सूचना त्या भाषेत प्रसिद्ध व्हाव्यात, असं राज्यांनी मान्य केलेलं आहे. कन्नडमधली नोटीस हातात आली की तिची प्रत काढा, मराठीत मिळावी असा लेखी अर्ज करा, पोच घ्या आणि त्या पोचेची प्रत जोडून त्या अधिकाऱ्याकडे तक्रार पाठवा.

आमच्या चुलत्यानं गेल्या पावसाळ्यात पहिला अर्ज दिला. पोच मिळवायला तीन खेपा झाल्या. तिच्यावर शिक्का आहे, तारीख आहे, आवक क्रमांक आहे. गावांच्या यादीच्या फाईलमध्ये त्याच्या गावाच्या पानामागे मी ती लावून ठेवली आहे.